आण्णांचे रिटायरमेंटचे पैसे : पतसंस्थेचे साडेदहा टक्के घ्यावेत का? (सांगली)

हरिपूरकर
नमस्कार मंडळी. आमचे आण्णा एसटीतून नुकतेच रिटायर झाले, वर्कशॉपला मेकॅनिक होते, वय ५८. फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे असं सगळं मिळून साधारण ३२ लाख होतायत, त्यातले बरेचसे खात्यावर आलेत, थोडे यायचेत. पेन्शन आहे ती ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफ ऑफिसवाली, त्यात दोघांचं औषधपाणीच कसंबसं भागेल, म्हणजे पुढचं घर चालणार ते या पैशाच्या व्याजावर.

आता अडचण अशी की आमच्या गल्लीत एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट आहे, म्हणजे दारोदारी रोजची बचत गोळा करणारा, चांगला माणूस आहे, आण्णा त्याला लहानपणापासून ओळखतात, तो रोज संध्याकाळी येऊन बसतोय आणि सांगतोय साडेदहा टक्के देतो, महिन्याला व्याज घरपोच. संचालकांपैकी दोघं आमच्या भावकीतले. आण्णांनी मनात जवळजवळ ठरवलंय की सगळे तिथेच ठेवायचे. मी पोस्टाचं नाव काढलं तर म्हणतात पोस्टात सव्वाआठ मिळणार, वर हेलपाटे मारायचे, इथं माणूस दारात येतोय.

मी हिशोब केला. २० लाखावर साडेदहाने वर्षाला २ लाख १० हजार, पोस्टाच्या ८.२ ने १ लाख ६४ हजार. महिन्याला ३,८०० च्या आसपास फरक पडतो, आणि आमच्यासारख्या घरात ती रक्कम काही लहान नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरा सविस्तर सांगा. मला आण्णांशी भांडायचं नाहीये, त्यांना पटेल असं काहीतरी पाहिजे.

कराड_संगम
दादा, व्याजाचा दर सगळ्यात शेवटी बघायचा. आधी एवढंच विचारा, उद्या त्या संस्थेचं शटर खाली आलं तर पैसे कोण देणार?

बँक असेल तर त्याला उत्तर आहे. डीआयसीजीसी म्हणून रिझर्व्ह बँकेचं महामंडळ आहे, ते प्रत्येक बँकेतल्या प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखापर्यंत विमा देतं, मुद्दल आणि व्याज धरून. आधी ही मर्यादा १ लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. सरकारी बँक, खाजगी बँक, ग्रामीण बँक, आपल्याकडच्या सहकारी बँका, सगळ्या त्यात येतात, आणि विम्याचा हप्ता बँक भरते, आपल्याकडून काही घेत नाहीत.

पतसंस्था यात येत नाही. विकास सोसायटी येत नाही, मल्टिस्टेट, म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांत चालणारी क्रेडिट सोसायटी पण येत नाही. हे आपल्या भागात निम्म्या लोकांना माहीतच नाही. काउंटर तसंच, पासबुक तसंच, कॉम्प्युटरची पावती तशीच, आत गेल्यावर फरक कळतच नाही. पावतीवर नाव मोठ्या अक्षरात असतं आणि खाली बारीक 'सहकारी पतसंस्था मर्यादित' किंवा 'को-ऑप. क्रेडिट सोसायटी' असं असतं, ती ओळ आण्णांना वाचायला लावा. त्यांच्या हाताने, त्यांच्या चष्म्यातून. तुम्ही सांगून जेवढं पटणार नाही तेवढं ते वाचून पटेल.

द्राक्षबाग_तासगाव
बरोबर हाय. आमच्याकडं बेदाण्याचं पैसं आलं की लोक पहिलं पतसंस्थेतच नेऊन टाकत्यात कारण कर्जबी तिथनंच घेतल्यालं असतंय, औषधाला खताला अडीनडीला तीच उपयोगी पडती. पण ह्यो पैसा हंगामाचा हाय, पुढच्या साली परत येतोय. रिटायरमेंटचा पैसा परत येत न्हाय. त्यो एकदाच.

मिरजेची_लेक
हरिपूरकर दादा, माझ्या आत्याचं सांगते, संस्थेचं नाव घेत नाही. आत्याचे यजमान वारल्यावर जे काही आलं ते तिने एका पतसंस्थेत ठेवलं होतं, कारण तीच, अध्यक्ष ओळखीचे, व्याज जास्त. पहिली काही वर्षं व्याज अगदी वेळेवर. मग एका दिवाळीनंतर व्याज यायचं थांबलं, म्हणाले सॉफ्टवेअरचं काम चालू आहे. नंतर म्हणाले वसुली झाली की देतो. पावतीची मुदत संपली तर म्हणाले रिन्यू करा, अर्धा टक्का जास्त देतो.

मी तिच्याबरोबर गेले होते तेव्हा मॅनेजरच्या केबिनबाहेर बाकावर सगळी म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यात पावत्या. दवाखान्याचं बिल दाखवलं तर पाच हजार मिळायचे, लग्नाची पत्रिका दाखवली तर दहा. स्वतःचेच पैसे, आणि माणूस हात जोडून उभा. आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची फाईल घेऊन आली होती आणि तो मॅनेजर ती फाईल उलटीपालटी करून बघत होता की ऑपरेशन खरंच ठरलंय का. ते बघून मला जे झालं ते मी लिहू शकत नाही.

महिन्याला ३,८०० जास्त मिळतील हे खरं, पण त्यासाठी वीस लाख पणाला लावायचे का, हे आण्णांना विचारा. आईंनाही विचारा, कारण पुढे निस्तरायची वेळ बहुतेकदा बायकांवर येते.

पतसंस्थावाला
मी एका पतसंस्थेत बरीच वर्षं क्लार्क आहे म्हणून दुसरी बाजू पण लिहितो, राग मानू नका. सगळ्यांना एका माळेत ओवू नका. सांगलीत वसंत मार्केट यार्डात हमाली करणारा माणूस, गणपती पेठेतला हातगाडीवाला, याला बँक दारात उभी करत नाही, सिबिल (कर्जफेडीचा रेकॉर्ड) मागते, रिटर्न मागते. आमच्याकडे सोनेतारण अर्ध्या तासात होतं. रोजची पिग्मी भरून लोकांनी पोरींची लग्नं केलीत, घरांवर स्लॅब टाकलेत. चांगल्या संस्था आहेत आणि त्या नीट चालतात.

पण वरच्या ताईंनी लिहिलंय ते पण खरं आहे आणि कराडकरांचं पण. आमच्या ठेवींना तो ५ लाखाचा विमा नाही, हे आम्ही काउंटरवर कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि कुणी विचारत पण नाही.

म्हणून माझं म्हणणं, ठेवायचेच असतील तर आधी हे बघा. संस्थेचा वार्षिक अहवाल मागा, सभासदाला तो मिळतो, तो त्याचा हक्क आहे. त्यात ऑडिट वर्ग असतो, अ, ब, क, ड. अ वर्ग असेल तरी तेवढ्यावर थांबू नका, थकबाकीचं पान उघडा, एकूण कर्जातलं किती थकलंय ते बघा आणि मागच्या दोन वर्षांच्या अहवालाशी ताडून बघा, वाढत चाललंय का. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलंय ते पण त्यात यावं लागतं. वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत व्हायला पाहिजे, ती होते का, लोक प्रश्न विचारतात का, का नुसती जेवणावळ उरकून घेतात, ते जाऊन बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा एखादी संस्था दीड-दोन टक्के जास्त देत असेल तर तिला पैशाची निकड आहे असं समजा. ज्याला पैसा सहज मिळतो तो महाग पैसा कशाला घेईल?

हरिपूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. पतसंस्थावाले साहेब, तुम्ही आतले असून इतकं स्पष्ट लिहिलंत, विशेष आभार. अहवाल मागितला, एजंट म्हणाला देतो देतो. बघू.

दोन प्रश्न. एक, सहकारी बँकेचं काय? आण्णा म्हणतात मग सहकारी बँकेत ठेवू, तिथेही ओळख आहे. दुसरं, पोस्टातली सीनियर सिटिझन स्कीम ६० नंतरच मिळते ना? आण्णा ५८ चे.

कराड_संगम
पहिल्याचं मी सांगतो. सहकारी बँक चालेल पण ५ लाखाच्या आत, आणि त्यात व्याज पण मोजायचं म्हणून मुद्दल सव्वाचार-साडेचार लाखाच्या वर नको. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवले तरी ते एकच धरतात, शाखा बदलून उपयोग नाही, बँक बदलावी लागते. आण्णांच्या एकट्याच्या नावाची एक, आणि आण्णा-आई जोडखात्याची एक, अशा दोन ठेवी असतील तर त्या वेगळ्या धरल्या जातात. जोडखात्यात नावांचा क्रम उलटा केला तरी वेगळं धरतात, हे डीआयसीजीसीच्याच प्रश्नोत्तरांत आहे. आणि तुमचं त्याच बँकेत कर्ज असेल तर ते वळतं करून राहिलेलं देतात, हे लक्षात ठेवा.

आमच्या गावचं उदाहरण देतो, हे सगळं जाहीर आहे. कराड जनता सहकारी बँकेवर नोव्हेंबर २०१७ पासून रिझर्व्ह बँकेचे निर्बंध होते आणि डिसेंबर २०२० मध्ये लायसन्स रद्द झालं. तेव्हा रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं की ९९ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल. म्हणजे विमा कामाचा. पण मधली तीन वर्षं लोकांनी कशी काढली हे कराडात कुणालाही विचारा, कारण तेव्हाच्या कायद्यात बँक अवसायनात निघाल्याशिवाय, म्हणजे कायमची गुंडाळायला काढल्याशिवाय, विम्याचा पैसा सुटत नव्हता.

तो कायदा २०२१ मध्ये बदलला. आता निर्बंध लागले की ९० दिवसांत ५ लाखापर्यंतचे पैसे द्यायचे असतात. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी पाठवायची, मग महामंडळ तपासतं आणि पैसे देतं. यासाठी तुमचं केवायसी पूर्ण पाहिजे आणि बँकेने मागितलेली संमती आणि दुसऱ्या बँकेचा खाते नंबर वेळेत द्यायला पाहिजे, तिथे बरेच लोक अडकतात. ५ लाखाच्या वरचं मात्र अवसायकाच्या हातात, वसुली होईल तसं, त्याचा भरवसा धरू नका.

निवृत्त_डाकसेवक
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, पोस्टातच आयुष्य गेलं माझं.

६० वर्षं हा सर्वसाधारण नियम. पण ५५ ते ६० च्या मधला माणूस नोकरीतून रिटायर झाला असेल तर त्याला पण सीनियर सिटिझन स्कीममध्ये खातं उघडता येतं, अट एवढीच की रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडायचं. पूर्वी एकच महिना होता, नोव्हेंबर २०२३ पासून तीन झाले. हरिपूरकर, तुमच्या आण्णांची ही मुदत आत्ता चालू आहे. ती हुकली तर थेट साठीपर्यंत थांबावं लागेल. त्यामुळे बाकीची चर्चा राहू दे बाजूला, आधी तारखा बघा कुठला पैसा कधी जमा झाला ते.

मर्यादा ३० लाख, पण ५५-६० वाल्यांना मिळालेल्या रिटायरमेंटच्या रकमेपेक्षा जास्त भरता येत नाही. मुदत ५ वर्षं, पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येते. सध्या दर ८.२ टक्के. सरकार दर तीन महिन्यांनी दर जाहीर करतं, पण तुम्ही ज्या दराने खातं उघडलं तोच तुम्हाला पाच वर्षं राहतो. व्याज तिमाहीला, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, १ जानेवारी. २० लाख ठेवले तर दर तिमाहीला ४१ हजार बचत खात्यावर येतात, सुरुवातीची पहिली तिमाही अपुरी असेल तर तेवढ्या दिवसांचं येतं. हेलपाटे कसले, बचत खात्याला जोडून दिलं की आपोआप जमा होतं, एटीएममधून काढा.

मधे मोडता येतं. वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज परत कापून घेतात, एक ते दोन वर्षांत दीड टक्का कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का. म्हणून सगळंच्या सगळं यात घालू नका, हाताशी थोडं ठेवा.

वहिनींच्या, म्हणजे तुमच्या आईच्या नावाने पोस्टाची मंथली इन्कम स्कीम घ्या. एकट्याच्या नावे ९ लाखापर्यंत, जोड १५ लाख, सध्या ७.४ टक्के, ५ लाखाला महिन्याला ३,०८३ रुपये. पोस्टाच्या पैशाला ५ लाखाची मर्यादा वगैरे काही नाही, ती केंद्र सरकारची जबाबदारी आहे.

सातारी_कंदी
टीडीएसचं, म्हणजे व्याजातून आधीच कापल्या जाणाऱ्या टॅक्सचं, कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. साठीच्या आतल्या माणसाला बँक किंवा पोस्टाचं वर्षाचं व्याज ५० हजाराच्या वर गेलं की १० टक्के कापतात, साठीनंतर ती मर्यादा १ लाख, एप्रिल २०२५ पासून. तुमच्या आण्णांना एकूण उत्पन्नावर टॅक्स बसत नसेल तर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच टीडीएस न कापण्याचा फॉर्म भरून द्या, दर वर्षी द्यावा लागतो, एकदा देऊन चालत नाही. आमच्या शेजारच्या काकांचा विसरला आणि चार हजार कापले गेले, ते रिटर्न भरून परत मिळाले पण मधे बराच काळ गेला.

औंधकर
मल्टिस्टेटबद्दल एक महत्त्वाचं. तुमची ती संस्था मल्टिस्टेट आहे का बघा. साधी पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली असते, तक्रार असेल तर सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे जाता येतं, सांगलीतच ऑफिस आहे, माणूस समोर बसून बोलता येतं. मल्टिस्टेट म्हणजे केंद्रीय निबंधकांकडे, दिल्लीला. आता त्यांच्यासाठी सहकार लोकपाल नेमलेत हे खरं, पण गावातल्या म्हाताऱ्या माणसाला दिल्लीशी पत्रव्यवहार करणं किती जड जातं याचा विचार करा.

आणि पैसे बुडवले असं स्पष्ट झालं तर एमपीआयडी कायदा आहे, १९९९ चा, ठेवीदारांच्या हितासाठीचा. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार द्यायची, संचालकांच्या मालमत्ता जप्त होऊ शकतात, खास कोर्ट असतं. पण वर्षानुवर्षं चालतं. ओळखीतल्या एका गृहस्थांची केस त्यांच्या मुलाने पुढे चालवली. तिथपर्यंत जायची वेळच येऊ देऊ नये.

बँकेबद्दल तक्रार असेल तर आधी बँकेला लेखी द्या, पोच घ्या, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, चौकशीला १४४४८ नंबर आहे, मराठीत बोलतात. पतसंस्थेसाठी तो नंबर चालत नाही.

मिरजेची_लेक
वारसाचं पण आत्ताच करून घ्या. प्रत्येक ठेवीला नॉमिनी. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के ते पण लिहिता येतं. पावती घरी आणल्यावर नॉमिनीचं नाव पावतीवर छापलंय का ते बघा. फॉर्मवर लिहिलेलं आणि सिस्टीममध्ये चढलेलं यात फरक पडतो, मी आत्याच्या वेळी बघितलंय.

आणि मामांच्या किंवा आजोबांच्या जुन्या पासबुकातले पैसे शोधायचे असतील कुणाला तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल बघा. दहा वर्षं हात न लावलेली खाती बँका रिझर्व्ह बँकेच्या फंडात भरतात, पण वारसाला ते कधीही मागता येतात.

द्राक्षबाग_तासगाव
हरिपूरकर, म्हाताऱ्या मान्साशी वाद घालू नका. आमच्या चुलत्याच्या पोरानं बापाला चारचौघात 'तुम्हाला काय कळतंय' म्हटलं आनि बापानं त्याच रागात सगळं पैसं नेऊन टाकलं. आण्णांना म्हणा तुमचा भावकीवर विश्वास हाय ना, मग लाखभर ठेवा की. नातं बी राहील, एजंटाचं मन बी राहील. बाकीचं सरकारात.

पतसंस्थावाला
हे मला पटतंय. संबंध राखायला थोडे ठेवा, ज्यांच्यावर घर चालतं ते ठेवू नका. आणि एजंटाचा राग करू नका, त्याला ठेवी आणायचं टार्गेट असतं, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. पिग्मी चालू ठेवा त्याची, रोजचे शंभर-दोनशे. फक्त पिग्मी कार्डावर किंवा मशीनच्या पावतीवर रोजच्या रोज आकडा बघायचा आणि महिन्यातून एकदा संस्थेत जाऊन पासबुक भरून आणायचं.

हरिपूरकर
मंडळी, अपडेट देतो.

अहवाल शेवटी मी स्वतः संस्थेत जाऊन आणला. आण्णांना वाचायला दिला, मी काही बोललो नाही. माणूस आयुष्यभर इंजिन उघडून बघणारा, त्यांनी पेन्सिल घेतली आणि थकबाकीच्या रकमेखाली रेघ मारली, मग मागच्या वर्षीच्या रकमेखाली मारली, आणि विचारलं हा आकडा वाढलाय तर मग व्याज वाढवून कसं देतायत? मला तेवढंच पाहिजे होतं. विम्याचं पण सांगितलं. म्हणाले एजंटला हे माहीत असणार, तो बोलला नाही याचं वाईट वाटतंय.

आता असं ठरलंय. २० लाख सीनियर सिटिझन स्कीम. ५ लाख आईच्या नावे मंथली इन्कम. साडेचार लाख सहकारी बँकेत आण्णांच्या नावे, ती बँक डीआयसीजीसीच्या यादीत आहे का ते त्यांच्या वेबसाइटवर बघून घेतलं, आहे. दीड लाख पतसंस्थेत, हा आण्णांचा आग्रह, आणि मी त्याला हरकत घेतली नाही. राहिलेले एक लाख बचत खात्यावर अडीअडचणीला.

डाकसेवक काका, पहिली रक्कम जमा होऊन दोन महिने होत आलेत म्हणजे तुमच्या त्या मुदतीचं कळलं नसतं तर खरंच हुकलं असतं. पुढच्या आठवड्यात पोस्टात जातोय. कागद काय काय लागतील? आणि आईचं नाव त्यात जोडता येईल का?

निवृत्त_डाकसेवक
पुढच्या आठवड्याची वाट कशाला बघताय, उद्याच डेपोत जा. कारण पोस्टातले कागद सोपे आहेत, आधार, पॅन, दोन फोटो, फॉर्म. वेळ लागतो तो एसटीच्या सर्टिफिकेटला. साठीच्या आतल्यांना मालकाचं पत्र लागतं, त्यात रिटायर झाल्याचा उल्लेख, कोणत्या पदावर होते, नोकरी कधीपासून कधीपर्यंत, आणि रिटायरमेंटचे कोणते पैसे किती मिळाले हे सगळं पाहिजे. सही-शिक्का असलेलं मूळ पत्र घ्या आणि एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. ज्या खात्यावर पैसे आले त्याच्या पासबुकातलं तारखेचं पान पण बरोबर न्या. मोठी रक्कम रोख घेत नाहीत, चेकने द्यायची.

वहिनींचं नाव जोडता येतं, जोडखातं फक्त नवरा-बायकोचंच होतं, आणि वहिनींच्या वयाची अट नाही. जोडून घ्या, म्हणजे उद्या आण्णांना काही झालं आणि वहिनी तेव्हा या स्कीमच्या अटींत बसत असतील तर त्यांना ते खातं मुदतीपर्यंत तसंच चालू ठेवता येतं. नॉमिनीला तुमचं नाव टाका. सकाळी साडेदहाच्या सुमारास गेलात तर गर्दी कमी असते, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र जाऊ नका, पेन्शनवाल्यांची रांग असते.